फंक्शनवर डिटरमिनिस्टिक लिहिलं, तरी ते दर ओळीला का चालतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. व्यवहारांच्या टेबलात दहा लाख ओळी आहेत. ग्राहकाचा प्रकार आणि तारीख घेऊन लागू दर सांगणारं एक फंक्शन आहे आणि ते आतल्या आत दोन छोट्या टेबलांवर सिलेक्ट मारतं. प्रकार आणि तारीख यांच्या वेगवेगळ्या जोड्या जेमतेम ४,००० आहेत, तरी फंक्शन दहा लाख वेळा चालतं. फंक्शनवर डिटरमिनिस्टिक, पोस्टग्रेसमध्ये इम्युटेबल, असं लिहून पाहिलं, पण वेळ तेवढाच लागतो. निकाल कॅश करायचा, म्हणजे पुन्हा वापरायला साठवून ठेवायचा, तर कुठे आणि कसा?

आधी गैरसमज दूर करू. डिटरमिनिस्टिक किंवा इम्युटेबल हा शब्द म्हणजे डेटाबेसला दिलेला हुकूम नव्हे. ती तुम्ही दिलेली हमी आहे: तीच आर्ग्युमेंट्स दिली तर तोच निकाल येईल. त्या हमीचा उपयोग कुठे करायचा, की करायचाच नाही, हे इंजिन ठरवतं. पोस्टग्रेस इम्युटेबल फंक्शनला स्थिर आर्ग्युमेंट दिसलं तर प्लॅन बनवतानाच ते एकदा चालवून टाकतं, पण आर्ग्युमेंट कॉलममधून येत असेल तर दर ओळीला बोलावतं. स्टेबल, म्हणजे एका क्वेरीपुरता तरी तोच निकाल येईल, असं म्हटल्यानेही निकाल साठवला जात नाही. एवढंच होतं की इंडेक्सवरच्या अटीत ते एका स्कॅनला एकदाच काढता येतं. तीच अट सीक्वेन्शियल स्कॅनच्या, म्हणजे सगळं टेबल ओळीने वाचण्याच्या, फिल्टरमध्ये गेली की पुन्हा दर ओळीला हिशेब सुरू. अशा वेळी स्थिर आर्ग्युमेंट घेणारी हाक कंसातल्या सिलेक्टमध्ये गुंडाळली की ती इनिटप्लॅन (क्वेरीचा आधी चालणारा वेगळा टप्पा) म्हणून एकदाच चालते. मायएसक्यूएलमधलं डिटरमिनिस्टिक मुख्यतः ऑप्टिमायझर (क्वेरीचा प्लॅन ठरवणारा भाग) आणि बायनरी लॉग (बदलांची नोंदवही) यांच्या कामाचं आहे. आणि तिथली जुनी क्वेरी कॅश, जी ८.० मध्ये काढूनच टाकली, स्टोअर्ड फंक्शन वापरणाऱ्या क्वेऱ्यांना मुळात हातच लावत नव्हती.

ओरॅकलमध्ये डिटरमिनिस्टिकचा थोडा फायदा दिसतो, पण तो एका फेचपुरता, म्हणजे एका वेळी आणलेल्या ओळींपुरता. एसक्यूएल प्लसमध्ये अ‍ॅरेसाइझ मुळात १५ असतो, म्हणजे दर १५ ओळींनंतर आठवण पुसली जाते. एकाने फायदा झाला म्हणावं आणि दुसऱ्याने अजिबात नाही म्हणावं, याचं कारण बरेचदा हेच असतं. दोघांचा फेचचा आकार वेगळा असतो.

आता आकडे मांडा. फंक्शनच्या एका हाकेला ०.२ मिलिसेकंद लागत असेल तर दहा लाख हाकांना २०० सेकंद जातात. ४,००० हाकांना लागतात ०.८ सेकंद. पण कॅशमध्ये शोधणंही फुकट नसतं. एका शोधाला ५ मायक्रोसेकंद धरले तरी दहा लाख शोधांचे ५ सेकंद होतात. तुमच्या बाबतीत व्यवहार फायद्याचा आहे. तेच फंक्शन नुसते दोन शब्द जोडत असतं आणि ३ मायक्रोसेकंदांत संपत असतं, तर कॅशमुळे क्वेरी उलट हळू झाली असती. म्हणून कोड लिहिण्याआधी दोनच गोष्टी मोजा: एका हाकेचा वेळ, आणि वेगळ्या आर्ग्युमेंट-जोड्यांचं एकूण हाकांशी प्रमाण. पोस्टग्रेसमध्ये ट्रॅक फंक्शन्स हे सेटिंग मुळात बंद असतं. ते पीएल किंवा ऑल करा, मग पीजी स्टॅट युजर फंक्शन्समध्ये हाकांची संख्या, एकूण वेळ आणि स्वतःचा वेळ दिसतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून डीएम एक्झेक फंक्शन स्टॅट्स हा व्ह्यू तेच काम करतो.

मोजताना एक गोष्ट हमखास सापडते. तारखेच्या जागी वेळेसकट टाइमस्टँप जात असतो. मग प्रत्येक जोडी वेगळी ठरते आणि कॅशला कधीच काही सापडत नाही. फंक्शनला फक्त दिवस हवा असेल तर हाक मारण्याआधीच वेळ छाटा.

कॅशआधी आणखी एक विचार: फंक्शन हवंच का? आत दोन सिलेक्ट आहेत म्हणजे मुळात हा जॉइन आहे, फक्त फंक्शनच्या आड लपलेला. तो बाहेर आणला की इंजिन हॅश जॉइन (एका टेबलाची मूल्यं मेमरीतल्या हॅश टेबलात ठेवून दुसरं त्याच्याशी जुळवणं) करू शकतं आणि कॅशचा प्रश्नच मिटतो. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून, कम्पॅटिबिलिटी लेव्हल १५० असेल तर, बरीच स्केलर (एकच मूल्य देणारी) फंक्शन्स आपोआप क्वेरीत विरघळवतं. आत व्हाइल लूप किंवा गेटडेट असेल तर मात्र नाही. सिस डॉट एसक्यूएल मॉड्यूल्समधला इज इनलाइनेबल हा कॉलम पाहिला की कळतं. पोस्टग्रेस साध्या एसक्यूएल भाषेतलं स्केलर फंक्शन इनलाइन करतं, म्हणजे तसंच क्वेरीत विरघळवतं, पण आत फ्रॉम आला की नाही. तेच फंक्शन टेबल परत करणारं, स्टेबल, पण स्ट्रिक्ट (नल, म्हणजे रिकामं मूल्य, आलं की न चालणारं) नसलेलं असं लिहून फ्रॉममध्ये लॅटरलने (दर ओळीची मूल्यं आत वापरू देणाऱ्या जोडणीने) वापरलं तर आतल्या टेबलांसकट इनलाइन होऊ शकतं. मी हाच मार्ग आधी करून पाहायला सांगेन. दराचा नियम एकाच जागी लिहिलेला राहतो आणि साठवलेलं शिळं होण्याची भीतीही नाही.

ते जमत नसेल, म्हणजे फंक्शन लांब आहे, लूप आहेत, ते दुसऱ्या टीमच्या ताब्यात आहे, तर कॅशकडे वळा. पण आधी एक कागद घ्या आणि निकाल कशाकशावर अवलंबून आहे ते लिहून काढा. आर्ग्युमेंट्स तर दिसतातच. न दिसणाऱ्या गोष्टी पुढच्या असतात: आतली टेबलं, सेशनचा (चालू कनेक्शनचा) टाइमझोन, तारखेचा आणि दशांशचिन्हाचा फॉरमॅट, चालू वापरकर्ता आणि त्याच्यावरची रो लेव्हल सिक्युरिटी (कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात याचे नियम), सर्च पाथ (टेबलाचं नाव कुठे कुठे शोधायचं तो क्रम), आजची तारीख, आणि फंक्शनचा स्वतःचा कोड. यांतली प्रत्येक गोष्ट एकतर कॅशच्या कीमध्ये (ज्या मूल्यांवरून निकाल शोधायचा त्यांत) हवी, किंवा ती बदलली की कॅश रद्द करण्याची सोय हवी. एक जरी सुटली तरी कॅश कधीतरी चुकीचं उत्तर देईल, आणि कुठलीही एरर न दाखवता देईल. हळू क्वेरी निदान दिसते तरी. चुकीचा दर महिनाअखेरीस हिशेब जुळेना की कळतो.

फंक्शन लॉगच्या टेबलात नोंद करत असेल किंवा मोजणी वाढवत असेल, तर कॅशमधून उत्तर आलं की ती नोंद होणार नाही हेही त्याच कागदावर लिहा.

मग कॅशचं आयुष्य ठरवा. माझं मत ठाम आहे: ज्यात भागतं त्यातलं सर्वांत कमी आयुष्य निवडा. एका क्वेरीपुरती कॅश शिळी होतच नाही. सेशनपुरती होऊ शकते, सगळ्यांत वाटलेली नक्की होते.

एका क्वेरीपुरतं

सगळ्या इंजिनांवर चालणारी युक्ती म्हणजे आधी वेगळ्या जोड्या काढा, त्यांवर फंक्शन चालवा, मग मूळ टेबलाशी परत जोडा. तुमच्या उदाहरणात फंक्शन ४,००० वेळाच चालेल. पण इथे एक खड्डा आहे. पोस्टग्रेस १२ पासून, एकदाच वापरलेला सीटीई (विथने लिहिलेली, नाव दिलेली सबक्वेरी) बाहेरच्या क्वेरीत मिसळला जातो. मग फंक्शनची हाक जॉइननंतर वर सरकते आणि पुन्हा दहा लाख वेळा चालते. तो वेगळा राहावा म्हणून सीटीईवर मटेरियलाइज्ड लिहा, सबक्वेरी असेल तर शेवटी ऑफसेट ० ठेवा. ओरॅकलमध्येही व्ह्यू मर्ज होऊन हेच घडू शकतं, तिथे नो मर्ज किंवा मटेरियलाइज हिंट लागते. बदल लागू झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नका, हाकांची मोजणी पाहा.

दुसरा खड्डा नलचा. ग्राहकाचा प्रकार नल असलेल्या ओळी बरोबरीच्या जॉइनमध्ये गळून पडतात, कारण नल हा नलच्या बरोबर नसतो. इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम वापरलं तर उत्तर बरोबर येतं, पण पोस्टग्रेसला त्यावर हॅश जॉइन करता येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना नलच्या जागी डेटात कधीच न येणारं मूल्य घालून जोडणं व्यवहारात बरं पडतं.

ओरॅकलमध्ये याहून सोपा उपाय आहे. फंक्शनची हाक ड्युअल या एका ओळीच्या तयार टेबलावरच्या स्केलर सबक्वेरीत गुंडाळा. इंजिन त्या सबक्वेरीसाठी एक लहान हॅश टेबल ठेवतं आणि ते फेचपुरतं नाही, पूर्ण क्वेरीभर टिकतं. त्याचा आकार मर्यादित आहे. दोन मूल्यं एकाच खान्यात आली तर नंतर आलेलं साठवलं जात नाही, फक्त लगतच्या आधीचं मूल्य तेवढं लक्षात राहतं. त्यामुळे हजारो वेगळी मूल्यं असतील तर ओळी आर्ग्युमेंटच्या क्रमाने लावलेल्या सबक्वेरीतून आणल्या की हाका खूप कमी होतात.

पोस्टग्रेस १४ पासून मेमोइझ नावाचा प्लॅन-नोड आहे. तो नेस्टेड लूपच्या (एका टेबलाच्या दर ओळीला दुसऱ्यात शोधणाऱ्या जॉइनच्या) आतल्या बाजूचे निकाल हॅश टेबलात ठेवतो. फंक्शनची हाक लॅटरल सबक्वेरीत, ऑफसेट ० लावून, ठेवली तर प्लॅनर तो वापरू शकतो. अट ही की फंक्शन व्होलाटाइल (दर हाकेला वेगळं उत्तर देऊ शकणारं) नसावं, आणि काहीच न लिहिल्यास ते व्होलाटाइलच धरलं जातं. प्लॅनर किमतीवर निर्णय घेतो. पीएल-पीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या भाषेतल्या फंक्शनची किंमत मुळात १०० धरलेली असते, तुमचं फंक्शन खरोखर जड असेल तर कॉस्ट वाढवा. आर्ग्युमेंट कॉलमवर अ‍ॅनलाइझ केलेलं असू द्या, नाहीतर वेगळ्या मूल्यांचा अंदाज चुकतो. एक्सप्लेन अ‍ॅनलाइझमध्ये हिट्स (सापडलेले), मिसेस (न सापडलेले) आणि इव्हिक्शन्स (जागेअभावी काढून टाकलेले) यांचे आकडे दिसतात. इव्हिक्शन्स वाढत असतील तर मेमरी अपुरी पडते आहे, वर्क मेम किंवा हॅश मेम मल्टिप्लायर वाढवून पाहा. त्याच ठिकाणी कॅश मोड बायनरी किंवा लॉजिकल असं लिहिलेलं असतं. १.० आणि १.०० हे आकडे म्हणून समान आहेत, पण त्यांचा मजकूर करणारं फंक्शन वेगळं उत्तर देईल. बायनरी मोड नेमका त्यासाठी आहे. स्वतः की बनवताना हा बारकावा लक्षात असू द्या.

सेशनपुरतं

ओरॅकलमध्ये पॅकेजच्या पातळीवर असोसिएटिव्ह अ‍ॅरे ठेवता येतो. पीएल-पायथनमध्ये एसडी ही डिक्शनरी त्या फंक्शनपुरती असते, जीडी सेशनमधल्या सगळ्या फंक्शन्सना सामाईक. शोध अतिशय वेगवान, कुलुपांची भानगड नाही. अडचण एकच, पण मोठी आहे: कनेक्शन पूल, म्हणजे अनेकांनी आळीपाळीने वापरायची उघडी कनेक्शन्स. पूलमधलं कनेक्शन तासन्‌तास जिवंत राहतं, म्हणजे सकाळी काढलेला दर संध्याकाळीही तोच मिळेल, आणि एका वापरकर्त्यासाठी काढलेला निकाल पुढच्याला दिला जाईल. कीमध्ये वापरकर्ता घाला, आणि सोबत दरांच्या टेबलाचा आवृत्ती-क्रमांक ठेवा. क्रमांक बदललेला दिसला की अ‍ॅरे रिकामा करा. नोंदींच्या संख्येवर मर्यादा घाला, कारण ही मेमरी प्रत्येक कनेक्शनची वेगळी मोजली जाते.

एसक्युलाइटमध्ये सी भाषेत फंक्शन लिहीत असाल तर सेट ऑक्सडेटा हे छान साधन आहे. स्थिर आर्ग्युमेंटवरून बनवलेली वस्तू, उदाहरणार्थ कंपाइल केलेला रेग्युलर एक्स्प्रेशन, पुढच्या ओळींसाठी जपून ठेवता येते. मात्र ती टिकेलच असं धरू नका. दर वेळी आहे का ते पाहा, नसेल तर पुन्हा बनवा.

सगळ्या सेशन्समध्ये वाटलेलं

तयार सोय म्हणून पूर्ण विचार केलेली आहे ती ओरॅकलची रिझल्ट कॅश. ११जीमध्ये आली, आणि एंटरप्राइझ एडिशनमध्येच मिळते. फंक्शनच्या व्याख्येत रिझल्ट कॅश लिहिलं की पुरे. पहिल्या आवृत्तीत कोणत्या टेबलांवर अवलंबून आहे ते रिलाइज ऑन लिहून सांगावं लागे. ११जी रिलीज २ पासून इंजिन ते स्वतः ओळखतं. आउट पॅरामीटर चालत नाही. सीएलओबी, बीएलओबी, रेकॉर्ड, कलेक्शन किंवा ऑब्जेक्ट आर्ग्युमेंट म्हणून चालत नाही.

तिचं वागणं समजून घेतलं नाही तर निराशा होते. अवलंबून असलेल्या टेबलात कोणीही बदल करून कमिट केलं की त्या टेबलावरचे सगळे निकाल रद्द होतात, बदललेल्या ओळीचा तुमच्या निकालाशी संबंध असो वा नसो. दरांच्या टेबलात कोणी हौसेने ‘शेवटी कधी वापरला’ असा कॉलम ठेवून तो दर वेळी अपडेट करत असेल, तर कॅश कायम रिकामीच. तो कॉलम वेगळ्या टेबलात हलवा. ज्या सेशनने त्या टेबलात बदल केले पण कमिट केलेलं नाही, त्याला कॅश वगळून ताजं उत्तर मिळतं, हे योग्यच आहे. फंक्शनमधून न पकडलेली एक्सेप्शन बाहेर पडली तर काहीच साठवलं जात नाही. म्हणून ‘दर सापडला नाही’ हे वारंवार येणारं उत्तर असेल तर एक्सेप्शनऐवजी नल परत करा, म्हणजे तेही कॅश होईल.

जागेचा हिशेब सोपा आहे. कॅश १ केबीच्या ब्लॉकमध्ये विभागलेली असते आणि निकाल कितीही लहान असला तरी निदान एक ब्लॉक खातो. म्हणजे १० एमबीमध्ये फार तर १०,००० निकाल. तुमच्या ४,००० जोड्या आरामात बसतात. तेच लाखभर वेगळी मूल्यं आली तर एक आत, एक बाहेर असा खेळ सुरू होतो, आणि सगळी सेशन्स त्या कॅशच्या लॅचवर (आतल्या छोट्या कुलुपावर) अडकतात. व्ही डॉलर रिझल्ट कॅश स्टॅटिस्टिक्समध्ये फाइंड काउंट आणि क्रिएट काउंट सक्सेस शेजारी ठेवून पाहा. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ असेल तर ती कॅश बंद केलेली बरी. इन्व्हॅलिडेशन काउंट भराभर वाढत असेल तर वर सांगितलेला अपडेट कुठेतरी चालू आहे. फंक्शनमध्ये फॉरमॅट न देता तारखेचा मजकूर केला असेल तर पहिल्या सेशनच्या फॉरमॅटमधला निकाल सगळ्यांना जाईल. फॉरमॅट आर्ग्युमेंट म्हणून द्या.

स्वतःचं कॅश टेबल

इतर इंजिनांत लोक शेवटी इथे येतात, आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. पहिली चूक म्हणजे फंक्शनच्या आत ‘शोध, नसेल तर काढ आणि घाल’ असं लिहिणं. पोस्टग्रेसमध्ये स्टेबल फंक्शनला इन्सर्ट करता येत नाही, म्हणून ते व्होलाटाइल करावं लागतं. मग समांतर प्लॅन गेला, अटींतला इंडेक्सचा वापर गेला, आणि रीड रेप्लिकावर (डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) तर ते चालणारच नाही. शिवाय दोन ट्रान्झॅक्शन्सनी एकच की घालायचा प्रयत्न केला तर दुसऱ्याला पहिल्याच्या कमिटपर्यंत थांबावं लागतं, ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग लिहिलं असलं तरी. पहिलं ट्रान्झॅक्शन अर्धा तास चाललं तर हेही अर्धा तास ताटकळेल.

म्हणून भरणं आणि वाचणं वेगळं करा. एक छोटं ट्रान्झॅक्शन नसलेल्या जोड्या शोधतं, त्यांवर फंक्शन चालवून एकाच इन्सर्टमध्ये घालतं आणि लगेच कमिट करतं. मुख्य क्वेरी फक्त जॉइन करते. फंक्शन स्टेबलच राहतं.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. क्रम पाहा: पहिलं ट्रान्झॅक्शन जुना दर वाचून निकाल काढतं. तेवढ्यात दुसरं ट्रान्झॅक्शन दर बदलतं, कॅशमधल्या संबंधित ओळी पुसतं आणि कमिट करतं. आता पहिलं आपला जुना निकाल कॅशमध्ये घालतं. पुसण्याचं काम आधीच होऊन गेलं आहे, त्यामुळे हा शिळा निकाल तसाच राहतो. ट्रिगरने पुसणाऱ्या प्रत्येक कॅशमध्ये ही फट असते, आणि चाचणीत ती सहसा सापडत नाही. उपाय म्हणजे पुसण्यावर विसंबू नका, कीमध्ये आवृत्ती-क्रमांक ठेवा. दर बदलणारं ट्रान्झॅक्शन तोच क्रमांक एकाने वाढवतं. भरणारं ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि निकाल एकाच इन्सर्ट-सिलेक्टमध्ये वाचतं. पोस्टग्रेसमध्ये स्टेबल फंक्शनच्या आतल्या क्वेऱ्या बाहेरच्या क्वेरीचाच स्नॅपशॉट (डेटाचं त्या क्षणाचं चित्र) वापरतात, म्हणून क्रमांक जुना तर दरही जुनाच, असं घट्ट नातं राहतं. जुना निकाल जुन्या क्रमांकाखाली जाऊन पडतो आणि त्याला कोणी विचारत नाही. रात्री तो पुसून टाका. फंक्शन व्होलाटाइल असेल तर रीड कमिटेडमध्ये आतली प्रत्येक क्वेरी नवा स्नॅपशॉट घेते आणि हे नातं तुटतं. तसं असेल तर रिपीटेबल रीड लावा, म्हणजे पूर्ण ट्रान्झॅक्शनला एकच स्नॅपशॉट मिळेल.

क्रमांकाची ती एकच ओळ दर बदलणाऱ्यांना एका रांगेत उभं करते. दर क्वचित बदलत असतील तर त्याचं काही बिघडत नाही. सतत बदलत असतील तर ही कॅश करूच नये.

की म्हणून आर्ग्युमेंट्सचे कॉलम वेगवेगळे ठेवा. सगळी एकत्र चिकटवून हॅश काढायचा मोह होतो, पण ‘१२’ आणि ‘३’ चिकटवले काय नि ‘१’ आणि ‘२३’ चिकटवले काय, मजकूर एकच. पोस्टग्रेसमध्ये दोन उभ्या रेघांनी जोडताना एक नल आला तर सगळंच नल. युनिक इंडेक्समध्ये नल एकमेकांहून वेगळे धरले जातात, म्हणून त्याच जोडीच्या अनेक ओळी साठत जातात. पोस्टग्रेस १५ पासून नल्स नॉट डिस्टिंक्ट लिहिता येतं. निकाल नल असणं आणि नोंदच नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जॉइननंतर निकालाचा कॉलम नल आहे म्हणून पुन्हा हिशेब करायला जाऊ नका. फंक्शनचा कोड बदलला की त्याचाही क्रमांक कीमध्ये वाढवा. हे डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमध्येच घाला, आठवणीवर सोडू नका.

टेबल अनलॉग्ड (बदलांचा लॉग न ठेवणारं) केलं तर लिहिणं हलकं होतं. क्रॅशनंतर ते रिकामं होतं, कॅशला ते चालतं. मात्र रेप्लिकावर ते वाचता येत नाही.

निकाल फक्त त्याच ओळीच्या कॉलमवर अवलंबून असेल तर यातलं काहीच नको. पोस्टग्रेस १२ पासूनचा जनरेटेड स्टोअर्ड कॉलम किंवा एसक्यूएल सर्व्हरमधला पर्सिस्टेड कम्प्युटेड कॉलम वापरा. एसक्यूएल सर्व्हरला त्यासाठी फंक्शन स्कीमाबाइंडिंगसह लिहिलेलं लागतं. मायएसक्यूएलच्या जनरेटेड कॉलममध्ये स्टोअर्ड फंक्शन चालत नाही, तिथे ट्रिगर लिहावा लागतो. पण तुमचं फंक्शन दुसरी टेबलं वाचतं, म्हणून हा मार्ग तुम्हाला बंद आहे. फंक्शनवर इम्युटेबल लिहून तो जबरदस्तीने उघडता येतो, पोस्टग्रेस आतलं सिलेक्ट तपासत नाही. तसं अजिबात करू नका. दर बदलल्यावर कॉलममध्ये जुनाच आकडा राहील, आणि एक्स्प्रेशन इंडेक्स केला असेल तर इंडेक्सने शोधलं की एक उत्तर आणि टेबल वाचलं की दुसरं, अशी अवस्था होईल. तुम्ही आत्ता लावलेलं इम्युटेबलही काढा. दुसरी टेबलं वाचणाऱ्या फंक्शनसाठी खरा शब्द स्टेबल हाच आहे.

कोणताही मार्ग घ्या, लागू करण्याआधी कॅशसह आणि कॅशशिवाय असे दोन्ही निकाल एकाच डेटावर काढून इज डिस्टिंक्ट फ्रॉमने पडताळा. एकाच सेशनमध्ये पडताळून उपयोग नाही. दुसरं सेशन वेगळ्या टाइमझोनचं आणि वेगळ्या वापरकर्त्याचं उघडा, मधेच एक दर बदला, कमिट करा, आणि पुन्हा पडताळा. एका ओळीचाही फरक आला तर कागदावरच्या यादीतली कोणती तरी गोष्ट कीमध्ये यायची राहिली आहे.